बहावा लावावा की निवडुंग?

जून उजाडला की पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उरुळी कांचनच्या आसपासच्या रोपवाटिकांसमोर गाड्या थांबू लागतात. आत एका बाजूला काळ्या पिशव्यांतली उंच रोपं असतात: बहावा, तामण, कांचन, बकुळ. दुसऱ्या बाजूला हिरव्या जाळीखाली छोट्या छोट्या कुंड्या मांडलेल्या असतात. जाड, रसाळ पानांची आणि गरगरीत खोडांची ही झाडं आता सगळीकडे 'सक्युलंट' याच नावानं विकली जातात. गिऱ्हाईक बहुधा नवरा-बायको किंवा बापलेक. घर नुकतंच बांधून झालेलं, दारापुढे दहा-बारा फुटांची मोकळी जागा राहिलेली, आणि तिच्याबद्दल घरात दोन मतं. एकाला फुलांनी लगडलेलं झाड हवं असतं. दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे मे महिन्यातला पाण्याचा टँकर उभा असतो.

अशा वेळी बहुतेक जण दिसण्यावर निर्णय घेतात, आणि तिथेच घोटाळा होतो. रोपवाटिकेत सगळंच टवटवीत दिसतं. खरं पाहायचं ते घरी: माती किती खोल आहे, पाऊस किती पडतो आणि पडलेलं पाणी किती वेळ साचून राहतं. या तीन गोष्टी कळल्या की निम्मा वाद तिथेच मिटतो.

सक्युलंटला पाणी कमी लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते कमी का लागतं, याची हकिकत मोठी सुरेख आहे. सर्वसाधारण झाड दिवसा पानांवरची सूक्ष्म रंध्रं उघडतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं. रंध्रं उघडी असली की आतलं पाणीही वाफ होऊन निघून जातं. भर दुपारी तर फारच. वाळवंटात हा व्यवहार परवडणारा नाही. म्हणून बरीचशी सक्युलंट झाडं रात्री, गारव्यात रंध्रं उघडतात, मिळालेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवून ठेवतात आणि दिवसा रंध्रं मिटून त्या साठ्यावर अन्न बनवतात. मॅलिक आम्ल म्हणजे कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारं आम्ल.

या रहस्याचा एक महत्त्वाचा धागा भारतातच हाती लागला. बेंजामिन हाइन हा इथे काम करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यानं आपल्या ओळखीच्या पानफुटीची पानं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चावून पाहिली. सकाळी ती चांगलीच आंबट लागत, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे किंचित कडसर. १८१५ च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं हे निरीक्षण छापून आलं. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसभरात खर्ची पडतं म्हणून चव बदलते, हा उलगडा व्हायला पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला. ज्या घरात पानफुटी आहे तिथे पहाटे आणि दुपारी एकेका पानाचा तुकडा जिभेवर ठेवून कुणालाही हा प्रयोग करता येईल. फक्त ते झाड पानफुटीच आहे याची खात्री हवी, कारण मांसल पानांची सगळीच झाडं खाण्याजोगी नसतात.

या काटकसरीची किंमत मात्र बागेच्या मालकाला मोजावी लागते. दिवसा रंध्रं मिटून बसणारं झाड भोवतालची हवा गार करत नाही. मोठ्या पानांच्या वृक्षाखाली दुपारी जो गारवा जाणवतो तो सावलीचा असतो, तसाच पानांतून निघणाऱ्या बाष्पाचाही असतो. पश्चिमेकडची भिंत संध्याकाळपर्यंत तापत असेल, आतली खोली रात्री दहापर्यंत भट्टीसारखी राहत असेल, तर त्या भिंतीपुढे निवडुंगाच्या कितीही सुंदर कुंड्या मांडल्या तरी पंख्याचा वेग कमी होणार नाही. तिथे झाडच हवं.

आणि झाडाचं पाणी लोकांना वाटतं तेवढं भयंकर नसतं. जमिनीत लावलेल्या देशी झाडाला पहिले दोन-तीन उन्हाळे सांभाळावं लागतं. आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन बादल्या धरल्या तर आठवड्याला साधारण साठ लिटर होतात. उन्हाळ्याच्या चार महिन्यांचं मिळून हजार लिटरच्या आसपास, म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरचा दहावा हिस्सा. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी आळ्यात गेलं आणि आळ्यावर पाचोळ्याचा जाड थर असला, तर हा आकडा आणखी खाली येतो. मुळं खोल गेली की बहावा किंवा करंज यांना दख्खनच्या पठारावर कुणी बादली घेऊन विचारायला जात नाही. माळांवर आणि डोंगरउतारांवर ती आपापली उभीच असतात. पाण्याच्या भीतीनं अंगणातलं झाड नाकारण्याआधी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

सक्युलंटबद्दलचा दुसरा समज तर पार उलटा आहे. महाराष्ट्रात ही झाडं उन्हाळ्यानं मरत नाहीत, पावसाळ्यानं मरतात. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत दोन हजारांच्या वर आणि कोकणात ठिकठिकाणी तीन हजारांच्या वर. आफ्रिकेच्या किंवा मेक्सिकोच्या कोरड्या उतारावरून आलेल्या रोपाची मुळं जुलैत आठवडाभर चिखलात राहिली की कुजतात. वरून झाड ठणठणीत दिसत राहतं आणि एके दिवशी बुंध्यापाशी हात लावताच ढासळतं. मालक मग 'पाणी कमी पडलं असेल' म्हणून शेजारच्या कुंडीला आणखी पाणी घालतो. चिपळूण, सावंतवाडी किंवा पणजीत उघड्या अंगणात परदेशी सक्युलंटचा वाफा करायचा तर उंच चौथरा, मुरूम, वाळू आणि विटांचे तुकडे घातलेली माती आणि वर पारदर्शक छप्पर एवढा खटाटोप लागतो. माण, जत, सांगोला, आटपाडी या कमी पावसाच्या भागात तोच वाफा फारशी काळजी न घेता वाढतो. तिथले शेतकरी आता ड्रॅगनफ्रूटच्या बागा लावतात. ड्रॅगनफ्रूट हा निवडुंगच आहे, हे बाजारात ते फळ विकत घेणाऱ्या अनेकांच्या ध्यानीही येत नाही.

निवडुंगाला अंगणात मानाची जागा देण्याची आपल्याकडे रीत नव्हती. तो कुंपणाला. शेताच्या बांधावर त्रिधारी निवडुंग, शेर, घायपात लावायचे. गुरं आत येत नाहीत आणि घायपाताचा वाख निघतो तो वेगळाच. अमेरिकेतून आलेल्या फड्या निवडुंगानं तर इतका उच्छाद मांडला की त्याच्याविरुद्ध किडे सोडावे लागले. त्यातली पहिली घटना अपघातानं घडली. ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंग देणारा कोचिनीयल किडा भारतात वाढवायचा होता. १७९५ मध्ये ब्राझीलहून आणलेला किडा भलत्याच जातीचा निघाला. त्याच्यापासून रंग फारसा चांगला मिळेना, पण त्यानं फड्या निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. एखाद्या तणाचा बंदोबस्त किड्याकडून झाल्याचं जगातलं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. पुढे १९२६ मध्ये दुसऱ्या एका जातीसाठी आणखी एक कोचिनीयल किडा दक्षिण भारतात मुद्दाम आणला गेला आणि त्यानंही चोख काम केलं.

कुंपणावरच्या या आठवणींमुळे एक गोष्ट नजरेआड राहते. महाराष्ट्राच्या मातीतली स्वतःची अस्सल सक्युलंट झाडं आहेत, आणि त्यांतलं एक अतिशय दुर्मीळ आहे. जुन्नर परिसरात, शिवनेरीच्या भागात आणि सह्याद्रीतल्या आणखी काही मोजक्या कड्यांवर 'शिवसुमन' नावाची वनस्पती वाढते. एकोणिसाव्या शतकात निकोल डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं. जगात ती महाराष्ट्राबाहेर निसर्गतः कुठेच सापडत नाही. तिच्या नात्यातल्या माकडशिंगासारख्या वनस्पतींना पानं जवळपास नसतातच. शिवसुमन मात्र पावसाळ्यात चांगली पसरट पानं धरतं आणि कोरड्या दिवसांत ती टाकून देऊन जाड, हिरव्या खोडावर भागवतं. फूल पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं, गडद लालसर आणि मधोमध पिवळ्या छटेचं. कड्यावरून ते उपटून आणणं हा गुन्हा समजावा इतकं ते थोडं उरलं आहे. सुदैवानं फांदीच्या तुकड्यापासून त्याचं रोप सहज होतं. ज्यांना बागेत सक्युलंट हवंच आहे त्यांनी खात्रीच्या ठिकाणी, कड्यावरून न आणता लागवडीतूनच तयार केलेलं शिवसुमन मिळतं का याची चौकशी करावी. थायलंडहून आयात झालेल्या दहा रंगीत कुंड्यांपेक्षा असं एक रोप बागेची किंमत अधिक वाढवेल.

सक्युलंटला फुलं येत नाहीत, ही तक्रारही टिकणारी नाही. मराठी घरांत ज्या फुलासाठी रात्री जागून शेजाऱ्यांना बोलावलं जातं, फोटो काढले जातात, हळदकुंकू वाहिलं जातं, ते घरोघरचं 'ब्रह्मकमळ' निवडुंगच आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढणारा हा निवडुंग आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं; ते सूर्यफुलाच्या कुळातलं आणि थंड, उंच डोंगरांवरचं. जंगलातल्या फांदीवरचं असल्यामुळे घरचं ब्रह्मकमळ सावली आणि दमटपणा दोन्ही सोसतं. म्हणूनच कोकणातल्या पडवीत किंवा मुंबईच्या गॅलरीत ते खुशीनं फुलतं. वाळवंटी जातींच्या बाबतीत डोकं शिणवण्यापेक्षा दमट हवेच्या गावांनी हा एक निवडुंग जवळ करावा.

आता फुलझाडांकडे. महाराष्ट्राचं राज्यपुष्प तामण. एप्रिल ते जूनमध्ये जांभळ्या, चुणीदार पाकळ्यांचे तुरे येतात आणि झाड पाहतच राहावं असं होतं. पण तामण हे मुळात ओढ्याकाठचं, ओलाव्याचं झाड आहे. कोकणात, घाटमाथ्याच्या पायथ्याशी, ओल टिकून राहणाऱ्या जमिनीत ते खरं बहरतं. राज्यपुष्प म्हणून अभिमानानं ते उजाड, मुरमाड अंगणात लावलं तर वर्षानुवर्षं पाणी घालूनही ते जेमतेम तुरे धरतं. अशा जागेला बहावा बरा. तो कोरड्या पानझडी जंगलातला, उथळ आणि खडकाळ जमिनीचीही फारशी तक्रार न करणारा. एप्रिल-मेमध्ये पानं झडलेल्या फांद्यांवरून पिवळे घोस लोंबू लागतात. केरळमध्ये विषूच्या पहाटे देवापुढे ठेवतात ती हीच फुलं. थायलंडचं ते राष्ट्रीय फूल आहे. बहाव्यावर मोठे काळे भुंगे येतात. पानांवर कॉमन एमिग्रंट फुलपाखराच्या अळ्या वाढतात आणि कधी कधी फांदी साफ करून टाकतात. घाबरून फवारणी करू नये. झाड पुन्हा पालवतं आणि पंधरवड्यात अंगणात पोपटी-पांढरी फुलपाखरं फिरू लागतात.

बहाव्याला दोन अडचणी आहेत. पहिली फुलं यायला सहा-सात वर्षं सहज लागू शकतात. आणि ऐन उन्हाळ्यात सावलीची गरज असते तेव्हाच तो विरळ असतो. ज्यांना आधी सावली हवी आणि फुलं जमली तर हवीत, त्यांनी करंजाचा विचार करावा. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो, एप्रिलमध्ये लखलखीत पोपटी पालवी घेतो आणि मे येईतो गच्च सावली धरतो. त्याची फिकट जांभळट-पांढरी फुलं इतकी बारीक असतात की झाडाखाली सडा पडेपर्यंत लक्षात येत नाहीत. रोपवाटिकेत मात्र करंज कुणी मागत नाही, हे वाईट आहे.

गुलमोहराचं काय? साताऱ्यात १ मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवसांत तिथले रस्ते पाहिले की हा उत्सव का हे सांगावं लागत नाही. पण मादागास्करचं हे झाड उथळ मुळांचं आणि ठिसूळ लाकडाचं. दर पावसाळ्यात शहरांतल्या पडझडीच्या बातम्यांत त्याचं नाव असतंच. रस्त्याकडेला, मैदानात तो शोभतो. घराच्या छपरापासून पंधरा फुटांवर नको.

दहा-बारा फुटांच्या अंगणात खरं तर यांपैकी कुठलंही मोठं झाड दाटीवाटीनंच बसेल. अशा जागेला पारिजातक आणि कांचन. पारिजातक उंचीनं बेताचा, छाटणी सोसणारा, आणि पावसाळा सरता सरता रोज पहाटे फुलांचा सडा घालणारा. बकुळीचाही मोह अनेकांना होतो. ती सदाहरित, घनदाट, सुवासिक. फक्त फार सावकाश वाढते आणि शेवटी मोठी होते. भिंतीपासून पंधरा-वीस फूट सोडता येत असतील तर नातवंडांसाठी बकूळ लावावी.

झाड लावणं ही कायद्याच्या दृष्टीनंही बांधिलकी आहे, हे रोपवाटिकेत कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे. नगरपालिका-महापालिका हद्दीत स्वतःच्या आवारातलं झाडसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा देण्याची तरतूदही आली. कायदा योग्यच आहे. पण त्यामुळे विजेच्या तारेखाली, शौचालयाच्या टाकीच्या कडेला किंवा शेजाऱ्याच्या खिडकीला लागून रोप लावण्याआधी वर मान करून एकदा पाहायला हवं. सक्युलंटची कुंडी चुकली तर उचलून हलवता येते. बारा वर्षांचा बहावा हलत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक झाड पिढ्यान्‌पिढ्या उभं आहे आणि निवड करताना त्याचंच नाव सुचत नाही. ते म्हणजे देवचाफा; कोकण-गोव्यात खुरचाफा. कोकणातल्या देवळाच्या आवारात, चिऱ्याच्या कुंपणाला टेकलेला, जाड बोटांसारख्या फांद्यांचा आणि हिवाळ्यात पूर्ण बोडका होणारा. त्याच्या फांद्या मांसल असतात, पाणी आणि चीक साठवतात. त्या अर्थानं तो सक्युलंट. तो बारा-पंधरा फुटांपर्यंत वाढतो आणि भरभरून फुलतो. त्या अर्थानं फुलझाड. मूळ मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचं. अलीकडे गच्चीगच्चीवर दिसणारं फुगीर बुडाचं अडेनियम त्याच कुळातलं, अरबस्तान-आफ्रिकेकडचं. अडेनियम कुंडीत शोभतं, पावसात कुजतं. देवचाफा मात्र कोकणातला पाऊस आणि सोलापूरचं ऊन दोन्ही पचवतो, फक्त पायाशी पाणी साचता कामा नये. त्याची फांदी शेजाऱ्याकडून फुकट मिळते. दोन फुटांची फांदी कापावी, आठ-दहा दिवस सावलीत ठेवून चीक सुकू द्यावा आणि मग लावावी. एक-दोन वर्षांत फुलं येतात. त्याच्यात उणीव एकच, आणि ती लहान नाही. त्याच्या फुलात मध नाही. पांगारा किंवा काटेसावर फुलली की बुलबुल, साळुंक्या, शिंजीर यांची झुंबड उडते. देवचाफ्यावर तसं काही घडत नाही. पाखरांसाठी बाग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जमिनीवर माती नाहीच, आहे ती गच्ची, अशा घरांचा प्रश्न सोपा आहे. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड ते दोन टन भरतं. स्लॅबवर वृक्षासाठी वाफा बांधणं म्हणजे एखादी मोटार कायमची वर उभी करून ठेवणं. तिथे सक्युलंटच शहाणपणाचं, उथळ कुंड्यांत आणि भरपूर निचऱ्याच्या मातीत. शेर आणि निवडुंगाच्या इतर चिकाळ जाती लहान मुलं खेळतात तिथे ठेवू नयेत. तो चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते आणि काही काळ दिसेनासंही होऊ शकतं. छाटणी करताना हातमोजे आणि चष्मा घालावा, चीक उडालाच तर डोळे भरपूर पाण्यानं धुऊन थेट डॉक्टरांकडे जावं.

ज्यांच्या अंगणात खरी, खोल माती आहे त्यांनी ती कुंड्या मांडून अडवू नये. शहरांत पाऊल टाकायला मोकळी माती उरली नाही, आणि जिथे उरली आहे तिथे मुळांना खाली जाऊ देणं एवढं एक काम घरमालकाच्या हातात आहे. मे महिन्यातच दोन-तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणून उन्हात तापू द्यावा, जूनमध्ये शेणखत आणि माती मिसळून भरावा आणि पहिला जोराचा पाऊस झाला की रोप लावावं. रोप निवडताना उंचीला भुलू नये. बहाव्याचं सोटमूळ खोल जाणारं असतं. छोट्या पिशवीत दोन वर्षं अडकून सहा फूट झालेल्या रोपाची मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतात आणि ती जमिनीत गेल्यावरही सरळ होत नाहीत. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आलेली दिसली तर ते रोप तिथेच ठेवून दीड-दोन फुटांचं, जाडसर खोडाचं रोप घ्यावं. आणि त्याच फेरीत मांसल पानांच्या कुंड्याही डिकीत टाकायचा मोह झालाच, तर तो नवरात्रापर्यंत आवरावा. पाऊस ओसरल्यावर आणलेलं सक्युलंट थंडीच्या कोरड्या हवेत मुळं धरतं आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत त्याला पागोळीच्या आत हलवायला सात-आठ महिने मिळतात.